दीड ग्रॅम

रविवारी माँतेव्हिदेओत, त्रिस्तान नार्वाखाच्या बाजारात,
जुनी कुलपं आणि पक्ष्यांचे पिंजरे यांच्या मधे
माझं टेबल. वर भिंग, दिवा, चिमटे,
आणि औषधाच्या डब्यांत निजलेली कार्ट्रिजं.
कुणाची सुई मोडकी, कुणाची नुसतीच म्हातारी.
गिऱ्हाईक नसलं की एकेकाला घरी नेतो, रात्री ऐकतो.
सांगायला लाज वाटते थोडी, पण
शेजारीण कुत्री पाळते, मी ही पाळतो.
एक आहे जर्मन, हट्टी,
तीन ग्रॅमच्या खाली तोंडच उघडत नाही.
एक जपानी, बासरीवर लुब्ध, झांजा आल्या की फिस्कारतं.
एक तपकिरी, बिननावाचं,
त्याच्यावर सगळंच शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटतं,
आणि मला शेजारची खोली आवडते.

ओदिलोन बेरुत्ती आला तो ऑगस्टातल्या थंडीत,
टेबलक्लॉथवर दगड ठेवावे लागतील असा वारा होता.
रुमालात रुमाल, त्यात कार्ट्रिज.
"त्र्याहत्तर साली घेतलं. दोन पगार गेले.
एल्विरा आठ दिवस बोलली नाही.
नवव्या दिवशी म्हणाली, लाव बघू.
आता चिरकतं. नीट कर. बदलू नकोस."

भिंगाखाली धरलं.
हिऱ्याचं टोक झिजलेलं, जिने चढून झिजलेल्या टाचेसारखं.
रबराचा दगड झालेला.
पण आतली तार शाबूत, केसाहून बारीक वेढे,
कुणीतरी कुठेतरी श्वास रोखून घातलेले.
म्हटलं, तार तीच राहील, चुंबक तेच.
फक्त दांडी बोरॉनची, आणि टोक नव्या घाटाचं.
"सगळे डॉक्टर असंच म्हणतात," तो म्हणाला.

तीन रात्री लागल्या. हात हलू नये म्हणून कॉफी बंद.

मग तो घरी आला, काखेत तबकडी.
पायसांदूच्या चर्चमधला गायकवृंद, तीनशेच प्रती निघालेल्या,
दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, एल्विरा.
काटा दीड ग्रॅमवर आणला. सुई टेकवली.

हे जरा समजून घ्या.
जुनी गोल सुई इतकी वर्षं
चराच्या भिंतीवर एकाच उंचीवरून चालली,
पायवाट पडली, तिथलं गवत मेलं.
नवी सुई बारीक. ती टेकते तिथे
आजवर कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

म्हणून गाण्याच्या आधी
पानं उलटल्याचा आवाज आला. बाक करकरला.
आणि एका बाईचा खोकला, दाबलेला, अर्धा.

ओदिलोनने टोपी काढली. "पुन्हा."
पुन्हा लावलं. खोकला.
"तिचा?"
"काय माहीत. वीस बायका होत्या."
थोड्या वेळाने, "पुन्हा."

बाजू संपली. वाटलं, आता रडेल,
निदान शाबासकी तरी देईल.
त्याच्या कपाळाला आठ्या.
"तिसऱ्या कडव्यात एक टक् यायचं. कुठे गेलं?
त्या टक्‌वर ती माझ्या हातून येर्बाचा पेला घ्यायची.
दर वेळी. तिथेच."

काय सांगणार? टक् जागेवरच होतं.
नवी सुई त्याच्या खालून गेली होती,
पुलाखालून होडी जावी तशी.

जुनं टोक मी फेकलं नव्हतं. फेकत नाही कधीच.
कापूस घालून काड्यापेटीत दिलं.
"हे वाजवायचं नाही हं, तबकडी कापेल."
"वाजवतंय कोण," म्हणत त्याने
काड्यापेटी कानाशी हलवून पाहिली.
पैसे मोजले. एक नोट कमी होती, मी बोललो नाही.

दाराशी थांबला.
"येर्बा आहे का रे तुझ्याकडे?"

पाणी ठेवलं. बाजू पहिल्यापासून लावली.
तो पेला धरून बसला, डोळे मिटलेले,
आणि तिसऱ्या कडव्यात, नेमक्या जागेवर,
जीभ टाळूला लावून त्याने स्वतःच केलं, टक्.

मी हात पुढे केला.
पाणी जरा जास्तच कढलं होतं.